आकाशांतील गर्जना

दुपारीं वडील मंडळी जरा आडवी झालेली असावी, पाळण्यांत बाळ नुकतेंच निजलेलें असावें, आणि इतक्यांत आकाश दुभंगल्यासारखा आवाज व्हावा, हा अनुभव ओझरच्या आसपासच्या घरांस नवा नाहीं. नाशिकहून सुमारें २० किलोमीटरांवरील या गांवीं १९६४ सालीं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला. मिग-२१ व पुढें सुखोई-३० हीं लढाऊ विमानें येथूनच आकाशांत गेलीं. त्याच विमानतळावर आज प्रवासी विमानेंहि उतरतात. तीं आकारानें मोठीं. परंतु गर्जना मात्र लहान लढाऊ विमानाचीच मोठी! असें कां व्हावें?

पुष्कळांची समजूत अशी कीं, हा सारा आवाज यंत्राच्या खडखडाटाचा. वस्तुतः जेट विमानाच्या उड्डाणसमयीं त्याचा मोठा वांटा यंत्राबाहेर, विमानाच्या मागें उत्पन्न होतो. गोदावरीस पूर आला म्हणजे वेगवान् धार कांठच्या संथ पाण्यास घासून भोवरे उठतात, हें आपण पाहतोंच. यंत्रमुखांतून सुटणारा तप्त वायूचा झोत स्थिर हवेंत शिरतांना असेच भोवरे उठवितो. त्यामुळें हवेचा दाब क्षणोक्षणीं बदलतो, आणि तोच क्षोभ ध्वनिरूपानें आपल्या कानीं येतो.

या क्षोभाचें गणित इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स लाइटहिल यांनीं १९५२ सालीं मांडलें. झोताचा वेग ध्वनीच्या वेगाहून कमी असतां ध्वनिशक्ति वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणांत वाढते, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे वेग दुप्पट होतांच ध्वनिशक्ति २५६ पट!

मग झोत मंद करावा, तर विमानास पुढें ढकलणारा जोर घटेल त्याचें काय? त्याची युक्ति अशी: वेग निम्मा करून झोताचें क्षेत्रफळ चौपट केलें, तर हवेची घनता तीच असतां जोर तितकाच राहतो, व ध्वनिशक्ति मात्र ६४ पटींनीं घटते. प्रवासी विमानाच्या यंत्रापुढील रुंद पंख्याचें मर्म हेंच. तो पुष्कळशी हवा यंत्रगर्भास वळसा घालून मंद वेगानें मागें लोटतो. बोइंग ७८७ च्या यंत्रांस मागील कडेवर करवतीसारखे दांतेहि असतात. त्यांनीं मोठे भोवरे मोडून खर्जांतील घरघर कमी होते.

लढाऊ विमानास ही सोय पुरती परवडत नाहीं. ध्वनीहून शीघ्र धांवणाऱ्यास रुंद पंखा अडसरच होतो. शिवाय त्याचा झोतहि ध्वनीच्या वेगास मागें टाकूं लागला, म्हणजे आघात-तरंगांच्या निराळ्या आवाजाची भर पडते.

देशरक्षणाचें काम चालूं राहणारच. मात्र ध्वनीच्या उगमापासूनचें अंतर दुप्पट केलें कीं उघड्यावर त्याची तीव्रता चौथाईवर येते, हेंहि शास्त्रच सांगतें. तेव्हां शाळा, प्रसूतिगृहें व नवीं घरें कोठें बांधावीं, हें ठरवितांना जमिनीच्या भावाबरोबरच आकाशाच्या वाटेचाहि विचार व्हावा, असें आम्हांस वाटतें. पाळण्यांतील बाळास आपली तक्रार शब्दांनीं मांडतां येत नाहीं. ती मोठ्यांनींच ओळखली पाहिजे.