मोतीबिंदू लेझरने निघतो का?

छत्रपती संभाजीनगर : ‘चिरफाड नको, लेझरने मोतीबिंदू काढा,’ ही मागणी नेत्रतज्ज्ञांना नवी नाही. नेत्रोपचारात लेझरचे स्थान मोठे आहे. मात्र मोतीबिंदूपुरता हा समज बराचसा चुकीचा आहे.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. तो थेंबांनी विरघळत नाही. ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसविणे हाच उपाय. असे पहिले भिंग हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये बसविले. अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ‘फेको’ पद्धत आणली. तीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेतात. लोक ज्याला लेझर म्हणतात तो बहुधा हा ध्वनीच! फेम्टोसेकंद लेझरने छेद देता येतो, भिंगाचे तुकडेही करता येतात. पण खर्च वाढतो आणि दृष्टीत ठळक फरक पडत नाही. यंत्राविना, थोड्या मोठ्या छेदातून होणारी बिनटाक्याची शस्त्रक्रियाही चांगली दृष्टी देते. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहणे मात्र जुन्या काळातले. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा अंधुक दिसू लागले, की मोतीबिंदू परतल्याची भीती वाटते. प्रत्यक्षात कृत्रिम भिंगामागचा पातळ पडदा गढूळलेला असतो. ‘याग’ लेझरने त्याला काही मिनिटांत वाट करून देता येते. इथे लेझर खरोखरच कामाचे.

चष्मा घालविणाऱ्या ‘लॅसिक’मध्ये एक्सायमर लेझरने पारपटलाचा आकार बदलतात. वय १८ पूर्ण, नंबर स्थिर आणि पारपटल पुरेसे जाड हवे. चाळिशीनंतरचा वाचनाचा चष्मा त्याने टळेलच असे नाही.

काचबिंदू आणि मधुमेहातील दृष्टिपटलाचा विकार यांत प्रश्न अधिक गंभीर. काचबिंदूच्या एका प्रकारात बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला लेझरने सूक्ष्म छिद्र पाडून दाब वाढण्याचा धोका कमी करतात. गेलेली नजर मात्र परत येत नाही. मधुमेहात लेझर प्रामुख्याने उरलेली दृष्टी राखते. दृष्टिपटलाचा विकार सुरुवातीला जाणवतही नाही. म्हणूनच मधुमेहींनी, नीट दिसत असले तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळे तपासून घ्यावेत. १९५६ पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे घाटीत, नेत्ररोग विभाग आहे.