फोनचें बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलणाऱ्या गृहस्थास एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. नवी जागा पाहावयास अर्धा तास पुरतो. जुन्या जागेंतील सामान हालवावयास मात्र आठवडाही पुरत नाहीं. एका छापाचा स्मार्टफोन सोडून दुसऱ्या छापाचा घेणाऱ्याची स्थिति थेट अशीच होते. दुकानांत तो पडद्याचें तेज, छायाचित्रांचा स्वच्छपणा आणि किंमत पाहतो. खरा प्रश्न निराळाच असतो : जुन्या फोनमधील काय बरोबर येईल आणि काय मागें राहील?

येथें एक भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. ॲपल कंपनीनें आपला आयफोन २००७ सालीं बाजारांत आणला. गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन २००८ सालीं आला. सॅमसंग, शाओमी, मोटोरोला इत्यादि अनेक छापांचे फोन या अँड्रॉइडवरच चालतात. म्हणून सॅमसंग सोडून मोटोरोला घेणें म्हणजे त्याच वाड्यांत खोली बदलणें होय. अँड्रॉइड सोडून आयफोन घेणें, किंवा त्याच्या उलट करणें, हें मात्र गांव बदलण्यासारखें आहे.

आतां सामानाचा हिशेब. फोनचा क्रमांक सिमकार्डाचा असतो. त्यास फोनच्या छापाशीं कर्तव्य नसतें. नांवें, क्रमांक आणि छायाचित्रें बहुधा सुखरूप येतात. पैसे देऊन घेतलेलें ॲप मात्र सहसा पुन्हां विकत घ्यावें लागतें. ॲपलचें घड्याळ असल्यास तें अँड्रॉइड फोनशीं जोडलें जात नाहीं. यूपीआयची व बँकेची नोंदणी नव्या फोनवर पुन्हां करावी लागते, कारण सुरक्षिततेसाठीं ती विशिष्ट फोनशीं बांधलेली असते. तें काम पुरें होण्याआधीं जुना फोन विकून मोकळें होणें शहाणपणाचें नव्हे.

सर्वांत नाजूक सामान व्हॉट्सॲपमधील. दिवंगत वडिलांच्या आवाजांतील चार निरोप तेथें असतील, तर त्यांचें मोल कोणत्याही फोनहून अधिक. अँड्रॉइडवर त्यांची राखीव प्रत गूगलच्या साठ्यांत राहते, आयफोनवर ॲपलच्या. आणि एकीकडची प्रत दुसरीकडे थेट उघडत नाहीं. २०२२ सालीं हा संग्रह अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची सोय झाली. परंतु ती नव्या फोनची पहिली मांडणी चालू असतांनाच साधावयाची होती. मागाहून आठवण झाल्यास नवा फोन सारा पुसून आरंभापासून मांडावा लागे. यास्तव असे मोलाचे निरोप आधींच निराळे काढून संगणकावर ठेवणें हाच निर्धास्त मार्ग होय.

मग फोनचा छाप बदलूंच नये काय? तसें नाहीं. सुरक्षिततेच्या सुधारणा मिळेनाशा झाल्या म्हणजे नवा फोन घेणें प्राप्तच असतें. आणि नव्याला त्या किती वर्षें मिळतील, हें किंमतीइतकेंच महत्त्वाचें. गूगलनें २०२३ सालीं पिक्सेल ८ ला, तर सॅमसंगनें २०२४ सालीं गॅलक्सी एस२४ ला सात वर्षांचें आश्वासन दिलें. घरांतील इतर माणसें कोणता फोन वापरतात, हेंही पाहावें. अडल्या वेळीं दाखवून देणारा घरांतच मिळतो.

तात्पर्य, बिऱ्हाड हालवितांना जो क्रम, तोच येथेंही : आधीं सामानाची यादी, मग नवी जागा, आणि जुन्या घराची किल्ली सर्वांत शेवटीं परत.