रंगाआधी ब्रेक!

मैत्रिणींनो, सासऱ्यांच्या वेळची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली की घरात चर्चा होते ती रंगाची नि सीटकव्हरची! पण संग्रामपूरहून बुलढाण्याला गेलात, तर येताना राजूर घाट उतरायचा असतो. तिथे रंग नव्हे, ब्रेक उपयोगी पडतात.

१९७० च्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर पाय सतत दाबून ठेवला की ड्रम तापतात नि पकड ढिली पडते. म्हणून काहीजण पुढे डिस्क बसवून घेतात. ती उघडी असल्यामुळे लवकर निवते. मात्र मास्टर सिलिंडर तिला जुळणारा हवा, मागच्या ब्रेकशी मेळ हवा. शिवाय मूळ बनावटीत बदल करण्याआधी आरटीओत विचारा.

एवढा खर्च झेपत नसेल तर लायनर आणि सिलिंडरची रबरे नवी घाला. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. पावसाळ्यात मीठ ओल धरतं ना, तसंच तेही धरतं.

आता शॉकअप. बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी डुलतच राहिली तर ते गेले समजा, आणि बदलताना जोडीनेच बदला. मागच्या पाट्यांचं तुटलेलं पान बदलून घ्या. पण उंचीसाठी जादा पान नको, दणके तुमच्याच पाठीला बसतील.

आणि हो, घाट उतरताना खालचा गिअर ठेवायला ‘ह्यांना’ आठवण करा. रंगाचं दिवाळीला बघू!