मोटारीतील रंगीत दिवे : जोडणी व नियंत्रण

लग्नसराईत व सणासुदीच्या दिवसांत मोटारीत रंग बदलणाऱ्या एल. ई. डी. दिव्यांची पट्टी बसवून घेण्याची हौस आता गावोगाव दिसते. पट्टी स्वस्त असते आणि जोडणी तासाभरात उरकते. या सुलभतेमुळेच वायरिंगकडे दुर्लक्ष होते आणि क्वचित मोटारीस आग लागण्याचा प्रसंग ओढवतो.

पट्टीवरील प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा व निळा असे तीन सूक्ष्म दिवे असतात. लाल व हिरवा एकत्र पेटल्यास डोळ्यांस पिवळा रंग भासतो, तिन्ही पेटल्यास पांढरा. (रंगमिश्रणाचा पाठ देण्यास शिक्षकांना याहून सोयीचे साधन क्वचितच मिळेल.) सर्वसाधारण पट्टीस चार तारा असतात : एक धन बाजूची सामायिक व तीन रंगांच्या तीन. नियंत्रक या तीन तारांचा ऋण बाजूकडील मार्ग सेकंदास शेकडो वेळा जोडतो व तोडतो. मार्ग जितका अधिक काळ जोडलेला, तितका तो रंग उजळ. यांपैकी एखादी तार मोटारीच्या पत्र्यास टेकली, तर तो रंग नियंत्रकास न जुमानता पूर्ण तेजाने पेटून राहतो. प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे बदलणाऱ्या पट्ट्यांची रचना निराळी असते. त्यांतील पुष्कळशा ५ व्होल्टच्या असल्याने थेट बॅटरीस जोडताच निकामी होतात.

मीटरला ६० मोठे ठिपके असलेली १२ व्होल्टची पट्टी पूर्ण उजेडात मीटरमागे सुमारे सव्वा अँपिअर प्रवाह घेते. दोन मीटरांस ५ अँपिअरचा फ्यूज पुरेसा होतो. परंतु तो कोठे बसवावा, हा खरा प्रश्न आहे. अनेकदा तो नियंत्रकाजवळ बसविला जातो. तेथे त्याचा उपयोग फार थोडा. बॅटरीपासून निघालेली तार वाटेत पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली, तर फ्यूजच्या अलीकडील भागातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. काही क्षणांत तार लाल होते व तिचे आवरण पेट घेते. यास्तव फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा, आणि तार इंजिनाच्या बाजूने आत घेताना पत्र्याच्या छिद्रात रबरी कडे बसवावे. गोव्यासारख्या दमट, खाऱ्या हवेत नुसते पीळ दिलेले सांधे लवकर गंजतात. ते डाख देऊन झाकावेत.

इंजिन चालू असता मोटारीतील दाब १४ व्होल्टांच्या आसपास जातो. त्यामुळे दिव्यांतील प्रवाह बराच वाढून स्वस्त पट्ट्या तापतात. दाब १२ व्होल्टांवर राखणारे उपकरण मध्ये घातल्यास त्या टिकतात. वीज चावी फिरविल्यावरच सुरू होणाऱ्या मार्गावरून घ्यावी. नाहीतर रात्रभर पेटलेली पट्टी सकाळी बॅटरी रिकामी करून ठेवते.

पट्टी पायांपाशी, मंद उजेडात असावी. समोरच्या काचेवर तिचे प्रतिबिंब पडल्यास चालकास अंधारातील पादचारी दिसत नाही. बाहेरील दिव्यांची गोष्ट वेगळी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ अन्वये, काही अपवाद वगळता, वाहनाच्या पुढे लाल आणि मागे लालखेरीज अन्य रंगाचा प्रकाश दाखविण्यास मनाई आहे. रात्री समोरून येणारा चालक रंगावरूनच वाहन येते आहे की जाते आहे, हे ओळखतो.