सहकार्य करणारा साक्षीदार आणि मोहोरबंद अभिलेख

अमेरिकेतील सहकार्य करणारा साक्षीदार म्हणजे आपल्याकडील 'माफीचा साक्षीदार' नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३४३ नुसार संपूर्ण सत्यकथनाच्या अटीवर माफी दिली जाते. अमेरिकेत मात्र असा आरोपी बहुधा आधी गुन्हा कबूल करतो आणि केवळ शिक्षेत सवलतीची आशा बाळगतो.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या २०१६ च्या निवडणूक प्रचारातील सल्लागार जॉर्ज पापाडोपुलस यांना २७ जुलै २०१७ रोजी अटक झाली. एफबीआयला खोटी माहिती दिल्याचे त्यांनी ५ ऑक्टोबरला कबूल केले. परंतु अभिलेख ३० ऑक्टोबरपर्यंत मोहोरबंद राहिला. प्रकरण उघड झाल्यास त्यांच्या सक्रिय सहकार्यास बाध येईल, असे विशेष अभियोक्ता रॉबर्ट म्युलर यांच्या कार्यालयाचे म्हणणे होते. सावध झालेली माणसे मोकळेपणाने बोलत नाहीत, हे उघडच आहे. मात्र मोहोरेवरून साक्षीचे मोल ठरविणे धोक्याचे होय. पुढे त्याच कार्यालयाने पापाडोपुलस यांच्याकडून भरीव साहाय्य न मिळाल्याचे न्यायालयास कळविले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांना १४ दिवसांचा कारावास झाला. माफी मिळाली ती डिसेंबर २०२० मध्ये. साक्षीबद्दल नव्हे, तर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आपल्या क्षमाधिकारात दिलेली.