पिकते तिथेच शिजावे

‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण नाशिक जिल्ह्याला फार जुळते. ऑगस्ट २०२१ मध्ये टोमॅटोचा भाव किलोला दोन-तीन रुपयांवर आला, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. अशा जिल्ह्यात गावच्या शाळेतली खिचडी नुसती पिवळी, भाजीवाचून दिसली, तर कोणत्या आईबापाला बरे वाटेल?

शाळेतल्या जेवणाची योजना केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तेव्हा आपल्याकडे मुलामागे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच देण्याचा आदेश दिला आणि पुढे शाळेत चूल पेटली. सरकारी व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना हे जेवण मोफत असते.

तांदूळ केंद्राकडून फुकट येतो. बाकीच्या खर्चात केंद्राचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस. आपल्या खेड्यांतल्या शाळांना डाळ, तेल, मसाला नेमलेला पुरवठादार पोचवितो. भाजीपाला आणि जळण मात्र शाळेने पाहायचे. म्हणजे गावाच्या हाती आहे ती भाजी.

तिचा हिशेब सोपा आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी आणि २० ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम भाजी आणि ३० ग्रॅम डाळ. धाकटी साठ आणि थोरली चाळीस मुले असली, तर रोज सहा किलो भाजी लागते. शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला बारा क्विंटल. एवढ्याने कोणाचे कर्ज फिटणार नाही. पण एखाद्या बचत गटाच्या बायकांना ठरलेले गिऱ्हाईक मिळेल. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे तर नागली-वरईही ताटात यावी.

मात्र हे शेतकऱ्याने फुकट द्यावे, असे कोणी समजू नये. १ मे २०२५ पासून केंद्राने धाकट्या मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि थोरल्यामागे १० रुपये १७ पैसे हा दर ठरविला. त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला, जळण सारे बसवायचे. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू केले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकवर्गणीकडे बोट दाखविले. वर्गणीवर सण साजरा होतो, रोजचे जेवण नव्हे. त्याला सरकारचा पैसा हवा आणि तो वेळेवर हवा.

ब्राझील देशाने २००९ मध्ये कायदाच केला. शाळेच्या जेवणासाठी केंद्र सरकार जो पैसा देते, त्यातला किमान तीस टक्के लहान शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करायचा! पुढे तो वाटा वाढविलाही. आपल्याकडे सरकार स्थानिक मालाला उत्तेजन द्या म्हणते. पण अमुक हिस्सा द्याच, अशी सक्ती नाही. ती मागितली पाहिजे.

तोवर आपल्या हातचे काम करावे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. पुढच्या बैठकीला जा. आज किती मुले जेवली, किती किलो भाजी शिजली, कोणाकडून घेतली आणि त्याचे पैसे चुकते झाले का, एवढे चार प्रश्न विचारा. भाजी तोलणे शेतकऱ्याच्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही.