पडद्यावाचून आलेखन : बोलीसंशोधनातील प्रतिमांची शुद्धता

भाषाशास्त्रात आलेख अथवा नकाशा ही केवळ शोभेची वस्तू नसून पुराव्याचाच एक भाग होय. ग्रीअर्सन यांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, त्या काळी नकाशातील प्रत्येक रेषा माणसाच्या हातून व डोळ्यांखालून जात असे. आज बारामती व इंदापूर तालुक्यांतील गावोगावची ध्वनिमुद्रणे सर्व्हरवर ठेवावी, रात्री ठरल्या वेळी आज्ञावली आपोआप चालावी आणि सकाळी शेकडो वर्णपटलेख सिद्ध असावेत, हे सहज शक्य झाले आहे. मात्र अशा यंत्राला पडदा नसतो आणि चित्र निघत असता ते पाहणाराही कोणी नसतो. या दोन अभावांतून उद्भवणाऱ्या अडचणींचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिली अडचण पडद्याची. आलेख काढणारी आज्ञावली दोन कामे करते : चित्र रचणे आणि ते खिडकीत दाखविणे. लिनक्सवर खिडकी उघडावयाची तर पडद्याचा पत्ता लागतो. तो न मिळाल्यास दुसरे काम अडते आणि त्यापायी पहिलेही बुडते. म्हणून जी आज्ञावली आपल्या मेजावर सुरळीत चालते, तीच रात्री बंद पडते. उपाय असा की, दुसरे काम वगळावे. मॅटप्लॉटलिबमधील ‘ॲग’ हे साधन चित्र स्मृतीत रंगवून थेट फाइलीत उतरविते. २०१८ मधील ३.० या आवृत्तीपासून पडदा न सापडल्यास ते आपोआप निवडले जाते. तथापि आरंभीच त्याचा स्पष्ट निर्देश केलेला बरा, म्हणजे सर्वत्र एकच फळ मिळते. खिडकीवाचून चालतच नाही अशा जुन्या साधनांसाठी ‘एक्सव्हीएफबी’ हा स्मृतीतील आभासी पडदा उपयोगी पडतो. प्रत्येक आलेख जतन होताच मिटवावा. न मिटविलेले आलेख साचून स्मृती भरते.

दुसरी अडचण स्पष्टतेची. मॅटप्लॉटलिबचे मूळ माप ६४० × ४८० चित्रबिंदूंचे आहे. १२ सेंटिमीटर रुंदीच्या छापील चित्रास इंचास ३०० बिंदू या हिशेबाने सुमारे १,४१७ बिंदू लागतात. छोटे चित्र मागाहून ताणल्याने नवी माहिती उत्पन्न होत नाही. म्हणून रुंदी व बिंदुघनता जतन करतानाच ठरवावी. नीरा आणि भीमा यांचा नरसिंहपूरजवळील संगम दाखविणाऱ्या नकाशास पीडीएफसारखे रेषात्मक रूप योग्य, कारण रेषा कितीही मोठी केली तरी फाटत नाही. वर्णपटलेख मात्र मुळातच बिंदूंचा असतो. त्यास पीएनजी घ्यावे. जेपेगच्या संक्षेपाने अक्षरांच्या व रेषांच्या कडांशी डाग उमटतात आणि फिकट छटांत खोटे भेद शिरतात.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. छटांचे प्रमाण प्रत्येक चित्रागणिक आपोआप ठरू दिल्यास मोठ्याने बोलणारा व हळू बोलणारा यांचे लेख सारखेच काळे दिसतात. तुलना करावयाची असेल, तर डेसिबलची मर्यादा व वारंवारतेचा पल्ला सर्व चित्रांस एकच असावा.

चौथी अडचण खास आपली. देवनागरीत लेखनक्रम व दर्शनक्रम एक नसतात. ‘भिगवण’ मधील ऱ्हस्व इकार लिहिला जातो भकारानंतर, दिसतो मात्र आधी. ‘लासुर्णे’ मधील रफार पुढील अक्षराच्या माथ्यावर चढतो. ही जुळणी करणारा घटक नसल्यास इकार भलत्या जागी पडतो आणि रफार सुटतो. मॅटप्लॉटलिबच्या दीर्घकाळ प्रचारात असलेल्या आवृत्त्यांत हा दोष आहे. ‘बारामती’ या नावात मात्र तो दिसत नाही, म्हणून तेवढ्यावर केलेली परीक्षा फसवी ठरते. कैरो व पँगो यांच्या आधारे चालणारी साधने ही जुळणी करतात. टंक सर्व्हरवर असणेही अवश्य. नसल्यास अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात.

सारांश, पाहणारा नसेल तेथे परीक्षा आज्ञावलीनेच करावी : ध्वनिमुद्रणे जितकी तितकीच चित्रे आहेत काय, एखादी फाइल रिकामी आहे काय, मापे सारखी आहेत काय, हे तिने नोंदवावे. ग्रामनामांची अक्षरे मात्र छपाईपूर्वी स्थळाशी परिचित असलेल्या वाचकाने स्वतः तपासावीत.